आपल्या ताटातलं लोह रक्तात का उतरत नाही?

पर्णहरित | मंगळवार, रात्री 9:50

गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था आहे. (हा पत्ता रिक्षावाल्याला फोनवर सांगून बघा एकदा.) कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवून पुण्यात आलेल्या शंकर पुरुषोत्तम आघारकरांनी 1946 मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी म्हणून तिची घडी बसवली. तिथल्या गव्हाच्या वाणांच्या नावात 'एमएसीएस' येतं ते त्या जुन्या नावाच्या इंग्रजी रूपावरून (महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स).

त्यातला एमएसीएस 6478 साताऱ्यातल्या करंजखोपमुळे बातम्यांत आला होता. हेक्टरी 25-30 क्विंटलवर अडलेलं उत्पादन 45 ते 60 पर्यंत गेलं. पण त्याच बातमीत खाली आणखी काही आकडे होते आणि मला त्यांचं जास्त अप्रूप वाटलं. प्रथिनं 14 टक्के, जस्त 44.1 पीपीएम, लोह 42.8 पीपीएम. एरवीच्या गव्हात जस्त साधारण 25 ते 30 असतं. म्हणजे दाणा नुसता जास्त नाही, भरीवही आहे.

आता दुसरं टोक. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय निघाला. पोळी-भाकरी, डाळ, पालेभाजी खाणाऱ्या बायका आहेत या. त्यांच्या पानात लोह अगदीच नसतं असं नाही.

मधली मेख फायटेट नावाच्या पदार्थात आहे, निदान बऱ्याच अंशी. धान्य आणि कडधान्य आपला फॉस्फरस फायटेटच्या रूपात साठवतात. लोह, जस्त, कॅल्शियम हे सगळे त्याला चिकटून बसतात आणि आपल्या आतड्यात सुटत नाहीत. दाण्याने ती शिदोरी पुढच्या रोपासाठी बांधलेली असते. बी रुजायला लागलं की फायटेज नावाचं विकर (एन्झाइम) जागं होतं आणि गाठोडं सोडतं. आपण मात्र गाठोडं बांधलेलं असतानाच दळतो.

वनस्पतीचं भलं आणि आपलं भलं एकच असतं असं आपण गृहीत धरून चालतो. ते तसं नाही, आणि आपल्या शहरात दोन्ही बाजूंनी काम करणारी माणसं असूनही आपण त्याबद्दल बोलत नाही, म्हणून हा धागा. शेतीतले, लॅबमधले, दवाखान्यातले जे कोणी असतील त्यांनी लिहावं.

---

शनवारपेठी | मंगळवार, रात्री 10:05

पीपीएम म्हणजे काय ते पोळीच्या भाषेत सांगा. आम्ही कॉमर्सवाले.

---

पर्णहरित | मंगळवार, रात्री 10:14

किलोमागे मिलिग्रॅम. 42.8 पीपीएम म्हणजे शंभर ग्रॅम कणकेत साधारण 4.3 मिलिग्रॅम लोह, तेही न चाळता. प्रौढ बाईसाठी 2020 च्या भारतीय शिफारशीत दिवसाला 29 मिलिग्रॅम धरलेत. आपल्या जेवणातून लोह फार कमी शोषलं जातं हे लक्षात घेऊनच तो आकडा इतका मोठा ठेवलाय.

---

निरेकाठचा | मंगळवार, रात्री 11:20

बारामती तालुक्यात आमची जमीन. होळला आघारकरचं प्रक्षेत्र आहे, तिथल्या शिवारफेरीला जाणं होतं. ताई, तुमचं सगळं खरं, पण शेतकऱ्याच्या बाजूने एक सांगतो. मोंढ्यावर झिंकला भाव नाही, रंगाला आहे. व्यापारी दाणा तळहातावर घेतो, चमक बघतो, दाताखाली एक फोडतो आणि बोली लावतो. 44 पीपीएम त्याला दिसत नाही. गावरान, सेंद्रिय असं काही म्हटलं तर पुण्याचं गिऱ्हाईक दोन रुपये जास्त देईल, पण जस्त जास्त आहे म्हणून कोणी दिलेत का आजवर?

आम्ही वाण निवडतो ते उतारा, तांबेरा आणि पाणी बघून. त्यात जस्त आलं तर आलं.

---

अर्धा_पेला | बुधवार, सकाळी 7:32

नेहमीचंच. आमच्या आजीला फायटेट माहीत नव्हतं, बाजरीची भाकरी आणि अंबाडीची भाजी खाऊन नव्वदीपर्यंत खणखणीत होती. हायब्रीड आलं आणि कस गेला. आता कस परत घालायला शास्त्रज्ञ नेमायचे!

---

टेस्टट्यूब_मावशी | बुधवार, सकाळी 8:10

अर्धा पेला, तुमच्या आजीला नमस्कार. पण त्या पिढीतल्या किती बायका बाळंतपणात गेल्या, त्यांचं हिमोग्लोबिन कोणी मोजलं होतं? उरलेल्या आज्या खणखणीतच असणार की.

मी पॅथॉलॉजीत आहे. मला रोज दिसतं ते वेगळंच. हिमोग्लोबिन 12.1 आलं की बाई खूश होऊन घरी जाते. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी, केलं तर निघतं 8. म्हणजे साठा रिकामा, गल्ल्यातली चिल्लर तेवढी शिल्लक. उलटही होतं. ताप किंवा जंतुसंसर्ग असला की फेरिटिन आपोआप चढतं आणि कमतरता झाकली जाते, म्हणून बरोबर सीआरपी, म्हणजे शरीरात दाह आहे का ते सांगणारी तपासणी, बघायची असते. नुसत्या एका आकड्यावर 'मला लोह भरपूर आहे' किंवा 'अजिबात नाही' असं कुणी ठरवू नका.

आणि कृपा करून लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका. सांगून सांगून घसा बसला.

---

गुणसूत्र | बुधवार, दुपारी 1:45

पर्णहरित, धागा आवडला. वनस्पतींच्या जनुकांवर काम करतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

मावशींनी फेरिटिन काढलं ते बरं झालं. हे प्रथिन झाडांतही असतं, तिथे ते मुख्यतः हरितलवकासारख्या लवकांमध्ये राहतं. कारण दोन्हीकडे एकच: मोकळं लोह पेशीत फिरलं की घातक मूलकं (फ्री रॅडिकल्स) तयार होतात, म्हणून ते कुलपात ठेवावं लागतं. झाड असो की माणूस, लोह हवंही असतं आणि त्याची भीतीही असते. आपल्या यकृतातून निघणारं हेप्सिडिन नावाचं संप्रेरक आतड्यातला लोहाचा दरवाजा उघड-बंद करत असतं; ते वाढलं की दरवाजा बंद. काही डॉक्टर हल्ली लोहाची गोळी एक दिवसाआड देतात त्यामागे हेच आहे. आज मोठा डोस घेतला की हेप्सिडिन वाढतं आणि उद्याची गोळी नीट आत घेतली जात नाही.

आता गव्हाकडे. रानटी एमर गव्हात, म्हणजे आजच्या गव्हाच्या एका रानटी पूर्वजात, एक जनुक सापडलं, जीपीसी-बी1. ते ज्या गव्हात चालू असतं त्याची पानं लवकर पिवळी पडतात. पान म्हातारं होताना आपल्यातलं नत्र, लोह, जस्त उचलून दाण्याकडे पाठवतं, आणि हे जनुक ती आवराआवर लवकर सुरू करतं. 2006 मध्ये 'सायन्स'मध्ये ते प्रसिद्ध झालं. लागवडीखालच्या बहुतेक गव्हांत हे जनुक बंद आहे. हजारो वर्षं आपण टपोरा दाणा निवडत आलो, पान जास्त दिवस हिरवं राहिलं की पिष्ट जास्त भरतं. म्हणजे कस काही एकट्या हायब्रीडने घालवलेला नाही. (आणि गहू आपल्याकडे हायब्रीड नसतोच, अर्धा पेला. सरळ वाण असतात, बी घरचं ठेवता येतं.)

तरी तुमचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. बुटक्या, जास्त उताऱ्याच्या जाती आल्यावर दाण्यातलं जस्त-लोह पातळ झालं, हे इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड शेती संशोधन केंद्राच्या जुन्या साठवलेल्या नमुन्यांवरून दिसलंय. आणि पुढचं संकट हवेतच आहे. कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड) वाढवलेल्या शेतांत गहू वाढवला तर जस्त साधारण 9 टक्क्यांनी, लोह 5 टक्क्यांनी आणि प्रथिनं 6 टक्क्यांनी कमी भरली. हे 'नेचर'मध्ये 2014 ला आलंय. झाड मजेत वाढतं, खाणाऱ्याच्या वाट्याला कमी येतं. पर्णहरित म्हणते ते हेच.

---

पर्णहरित | बुधवार, दुपारी 2:20

मग फायटेटच कमी असलेले वाण का नाही काढत?

---

गुणसूत्र | बुधवार, दुपारी 2:41

काढलेत. मका, बार्ली, गहू, सगळ्यांत तशी उत्परिवर्तनं मिळाली आहेत. पण बरेचदा बी नीट उगवत नाही, उतारा घटतो. शिदोरी काढून घेतल्यावर रोप रुसणारच. शेतकरी तसलं बी का पेरेल?

म्हणून पैदासकारांनी दुसरा रस्ता धरला: फायटेट राहू दे, लोह-जस्तच इतकं वाढवा की थोडं तरी सुटेल. बाकीची सोडवणूक स्वयंपाकघरात.

---

सुगरण_नव्हे | बुधवार, दुपारी 3:15

स्वयंपाकघरात म्हणजे नक्की काय करायचं ते सांगा. नाचणीचं सत्त्व वगैरे सगळं चालू आहे आमच्याकडे.

---

पर्णहरित | बुधवार, दुपारी 3:50

आधीच होतं ते सोडू नका, एवढंच. नाचणी मोड आणून वाळवून दळायची ती फायटेज जागं व्हावं म्हणूनच, कारण माहीत नसलं तरी. मटकी-मूग मोडाचे. आंबील, इडली, घावनाचं आंबवलेलं पीठ, तिथे सूक्ष्मजीवांची विकरं तेच काम करतात. पोळी-भाजीवर लिंबू किंवा पानात आवळा-कोशिंबीर, कारण क जीवनसत्त्वामुळे वनस्पतीतलं लोह विरघळलेल्या रूपात राहतं. जेवणाला लागून चहा-कॉफी नको.

आणि पालक म्हणजे लोहाची खाण हा गैरसमज सोडा. त्यात लोह असतं, पण सुटतं फार थोडं.

कोंड्याचं मात्र अवघड आहे. लोह-जस्त दाण्याच्या बाहेरच्या थरात आणि अंकुरात असतं, फायटेटही तिथेच. चाळलं तर दोन्ही गेलं, ठेवलं तर दोन्ही राहिलं. मी चाळत नाही.

---

ढेपेवाडा | बुधवार, सायंकाळी 6:30

खपली गहू घ्या हो. सगळं त्यात आहे. ग्लूटेन नाही, शुगर नाही. आमच्या सोसायटीत एक जण कोल्हापूरकडून आणतो, 140 रुपये किलो.

---

गुणसूत्र | बुधवार, सायंकाळी 6:52

खपलीत ग्लूटेन असतं. सिलिॲकचा (ग्लूटेन न सोसण्याच्या आजाराचा) रुग्ण असेल त्याने खपली खाऊ नये, हे मोठ्या अक्षरात लिहायला हवं. खपली चांगला गहू आहे, खिरीला तर उत्तमच, आघारकरनेही एमएसीएस 2971 हा खपलीचा वाण काढलाय. पण 140 रुपये तुम्ही कशाचे देताय ते एकदा तपासा.

---

शनवारपेठी | बुधवार, सायंकाळी 7:05

सोसायटीच्या व्हॉट्सॲपचे.

---

अंगणवाडीची_वाट | बुधवार, रात्री 10:25

इतका वेळ फक्त वाचत होते. सगळे दाण्याबद्दल बोलताय, मी आईबद्दल लिहिते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये जवळच्या सहा गावांत मातृपोषण अभ्यास सुरू केला. लग्न झालेल्या बायका गरोदर राहण्याआधीपासून नोंदवल्या, त्या काय खातात, किती राबतात हे लिहिलं, मग बाळं मोजली. सातशेच्या वर बाळं होती. ती मुलं मोठी होताना पुढेही तपासली गेली.

तिथून दोन-तीन गोष्टी निघाल्या. पहिली, बाळं हडकुळी पण चरबीची. सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची 3.5. स्नायू आणि पोटातले अवयव लहान, कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून. मोठेपणीच्या मधुमेहाची बीजं जन्मतःच कशी असू शकतात याचा विचार तिथून पुढे गेला. याज्ञिकांनी स्वतःचाही दाखला दिलाय: 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते आणि त्यांचे इंग्लंडमधले मित्र जॉन युडकिन यांचे फोटो शेजारी शेजारी आले. दोघांचा बीएमआय 22.3. शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2.

दुसरी गोष्ट या धाग्याच्या कामाची. आईने एकूण किती कॅलरी आणि किती प्रथिनं खाल्ली याचा बाळाच्या आकाराशी संबंध सापडला नाही. संबंध सापडला दुधाशी, हिरव्या पालेभाज्यांशी आणि फळांशी. दिवसभर शेतात राबणाऱ्या, चाळीस-बेचाळीस किलोच्या बायका. त्यांच्यासाठी पोट भरणं आणि पोषण होणं या वेगळ्या गोष्टी होत्या.

तिसरी सगळ्यात अनपेक्षित. फोलेट कमी असेल असं वाटलं होतं, ते कमी असलेली बाई जवळजवळ सापडलीच नाही. कमी होतं ते बी-12, निम्म्याहून जास्त जणींत. आणि ज्या आयांचं बी-12 कमी पण फोलेट जास्त होतं त्यांची मुलं सहाव्या वर्षी इन्सुलिनला सगळ्यात कमी दाद देत होती. 2008 ला हे छापून आलं तेव्हा बरीच चर्चा झाली.

याचा अर्थ गरोदरपणात फोलिक ॲसिडची गोळी बंद करायची असा काढू नका. मज्जारज्जूतले जन्मदोष टाळायला ती लागतेच. अर्थ एवढाच की सोबत बी-12 बघा.

---

हिरवा_गिरवा | गुरुवार, सकाळी 6:55

बी-12 साठी स्पिरुलिना घ्यायची. पूर्ण शाकाहारी. मी घेतो.

---

टेस्टट्यूब_मावशी | गुरुवार, सकाळी 8:02

हिरवा गिरवा, स्पिरुलिनातलं बहुतेक बी-12 हे नकली रूप असतं, आपल्या शरीराला ते वापरता येत नाही. तुम्ही घेत असाल तर एकदा पातळी करून बघा, आणि त्यासोबत होमोसिस्टीन किंवा एमएमए, बी-12 खरंच कमी पडतंय का ते या रक्ततपासण्यांत कळतं. हातापायाला मुंग्या येत असतील तर आजच डॉक्टरकडे जा.

---

गुणसूत्र | गुरुवार, सकाळी 9:30

मावशींना जोड. बी-12 जगात फक्त जिवाणू आणि त्यांचे आदिम भाऊबंद तयार करतात. झाडांना ते लागतच नाही, त्यामुळे झाडांनी बनवायचा प्रश्नच नाही. गाईच्या पोटातल्या जिवाणूंनी केलेलं दुधातून आपल्याकडे येतं. लोहाबाबत तुम्ही पैदास करून, खत देऊन, मोड आणून काही ना काही करू शकता. बी-12 बाबत शेतात करण्यासारखं काही नाही. दूध-दही, अंडी, मासे किंवा गोळी. माझ्या मते पुण्यातल्या शाकाहारी घरांनी यावर वाद घालण्यात वेळ घालवू नये.

---

अर्धा_पेला | गुरुवार, सकाळी 10:12

बरं, बी-12 मान्य. पण हे कसदार धान्य खाऊन खरंच कुणाचं रक्त वाढलं का? की नुसतं पीपीएम पीपीएम?

---

अंगणवाडीची_वाट | गुरुवार, सकाळी 11:40

रास्त प्रश्न. बाजरीवर झालंय, आणि आपल्याच राज्यात. धनशक्ती हा लोह वाढवलेला बाजरीचा वाण आधी महाराष्ट्रात आला, इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था आणि राहुरीचं कृषी विद्यापीठ यांच्या मेहनतीतून. त्यात लोह 71 पीपीएमच्या आसपास. शाळेतल्या 12 ते 16 वयाच्या मुलामुलींना दोन गटांत वाटून एकांना लोहवाल्या बाजरीची आणि दुसऱ्यांना साध्या बाजरीची भाकरी दिली, दिवसातून दोनदा, सहा महिने. चार महिन्यांतच लोहवाल्या गटाचं फेरिटिन वर गेलं. सुरुवातीला ज्यांना कमतरता होती ती मुलं सहा महिन्यांनी कमतरतेतून बाहेर पडण्याची शक्यता त्या गटात 1.64 पट होती. 2015 ला छापून आलंय.

रोज भाकरी खाणाऱ्या घरात हे चालतं. आठवड्यातून एकदा 'मिलेट डे' करणाऱ्या घरात कितपत चालेल, मला शंका आहे. शिवाय बाजरीचं पीठ चार दिवसांत कडू होतं, पुण्यातल्या फ्लॅटात रोज कोण दळून आणतंय.

---

निरेकाठचा | गुरुवार, रात्री 8:50

बाजरीचं बरोबर. गव्हाचं एक विचारायचंय गुणसूत्र साहेबांना. आमच्या जमिनी चुनखडीच्या, जस्त असून पिकाला लागत नाही. झिंक सल्फेट टाकतो लागवडीला. तेवढ्याने दाण्यातलं जस्त वाढतं का?

---

गुणसूत्र | गुरुवार, रात्री 9:35

लागवडीला दिलेलं पिकाच्या वाढीला उपयोगी. दाण्यात हवं असेल तर उशिरा, दाणे दुधात असताना पानांवर 0.5 टक्के झिंक सल्फेटची फवारणी जास्त काम करते. आधी थोड्या जागेवर करून बघा, पानं भाजतात कधी कधी, म्हणून चुन्याची निवळी घालतात. उतारा फारसा वाढणार नाही, हेही सांगून ठेवतो.

आणि एमएसीएस 4028 घेणार असाल तर तो बन्सी, म्हणजे कठीण दाण्याचा ड्युरम गहू आहे. प्रथिनं 14.7 टक्के, जस्त 40.3, लोह 46.1, तांबेऱ्याला चांगला टिकतो, जिरायतीसाठी काढलेला. पण त्याचा रवा, शेवया, कुरडया होतात, पुणेकरांना पोळी लोकवन-सिहोरसारखी लुसलुशीत लागते. पोळीसाठी 6478.

---

निरेकाठचा | शुक्रवार, सकाळी 6:20

6478 चंच बी बघतो मग. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरीन. एका पट्ट्यावर फवारणी, शेजारचा तसाच ठेवतो. दोन्हीचा नमुना तपासून घ्यायला आवडेल, पण त्याचा खर्च माझ्याकडून व्हायचा नाही.

---

सुगरण_नव्हे | शुक्रवार, सकाळी 8:45

तपासणीचे पैसे मी देते. गहूही घेईन, वर्षाचा. दर आत्ताच ठरवून टाकू.

---

शनवारपेठी | शुक्रवार, सकाळी 9:10

माझं पन्नास किलो लिहा. फवारलेल्या पट्ट्यातलं.

---

निरेकाठचा | शुक्रवार, सकाळी 9:25

फवारलेलं पाहिजे तर किलोला दोन रुपये जास्त पडतील, शनवारपेठी.